मामूचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि आईला तर नाहीच. ती अजूनही गावात कुणी भेटलं की सांगते, आमची पोरगी विष पकडती. शिरूर अनंतपाळला एवढं एक वाक्य पुरतं, त्यापुढं कुणी काही विचारत नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर मी पुन्हा एकदा विषय बदलला असता. विषय बदलण्यात मी पटाईत आहे, हे पुढं कळेलच तुम्हाला.

फ्रीजपासून सुरुवात करते. आमच्या घरात फ्रीजचा प्लग कुणी काढला की मी ओरडते. दिवाळीत माळ लावायला पाच मिनिटं काढला तरी ओरडते. नवरा म्हणतो, अगं आत दही आहे, बॉम्ब नाही! पोरं हसतात, मीही हसते. आईला एक खूळ आहे, असं सगळ्यांनी मान्य करून टाकलंय.

आता दुसरं. मी लातूरला अन्न तपासणीची एक प्रयोगशाळा सांभाळते. मसाला, मासे, दुधाची भुकटी, काय काय येतं. तिथं एक रीत आहे. नमुना आला की पहिल्याच दिवशी त्याचे दोन भाग करायचे आणि एक भाग दुसऱ्या इमारतीतल्या, दुसऱ्या लाईनवरच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवायचा. त्या भागाला आमच्याकडं 'मामूचा डबा' म्हणतात. जुनी मुलं नव्या मुलांना विचारतात, मामूचा डबा भरला का? एका मुलीनं तर ते वहीत व्याख्येसारखं लिहून घेतलं होतं. कोण हे मामू, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, अगं, जुनी पद्धत आहे ती. आणि तिला सेंट्रीफ्यूज धुवायला पाठवलं. बघा, बदलला की नाही विषय?

तर मामू. रज्जाकमामू. नांदेडला मी पीएच.डी. करत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. रोजंदारीवर, आणि तेही वर्षानुवर्षं. बारीक अंगाचे, पांढरी दाढी, खिशात कायम चिकटपट्टीचं रीळ. आमचे सर समुद्री जिवांमधल्या नैसर्गिक विषांवर काम करायचे. गोदावरीच्या काठावर बसून समुद्राच्या खेकड्यांचं विष शोधायचं, यावर आम्हाला सगळे चिडवायचे. पण सरांचं नाव मोठं होतं आणि थेट कोकणातून नमुने यायचे.

मी खेकड्यांना भ्यायची नाही. आमच्या घरणी नदीत आणि ओढ्यात लहानपणी हात घालून काढलेत. सर्दी झाली की वडील नांग्या ठेचून रस्सा करायचे, नाकातून पाणी आलं पाहिजे असा. शहरातल्या मुली खेकड्याची पिशवी चिमट्यानं उचलायच्या, आणि मी सरळ पाठीवर अंगठा ठेवून उचलायची. मला त्याचा लई माज होता. मामू म्हणायचे, "बेटा, हात तो तुमचा अच्छा हाय. सबूर नहीं हाय."

सबूर त्यांनीच शिकवायचा प्रयत्न केला. काचसामान तीनदा कसं विसळायचं, मे महिन्यात घामेजल्या हातातून पिपेट कशी निसटू द्यायची नाही, हे सगळं मला सरांनी नाही, मामूंनी शिकवलं. माझ्या टेबलाशेजारी मातीचा माठ त्यांनी आणून ठेवला. मी डबा आणला नाही, हे त्यांना न सांगता कळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचा एक बोर्ड दाखवला होता. "इस बोर्ड पे एकच चीज़ चलती. फ्रीजर. उसकू हात नक्को लगाना." इतकं स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी कोकणातून थर्माकोलची एक पेटी आली. एका मच्छीमारांच्या गावात खेकड्याचं कालवण खाऊन तिघी आजारी पडल्या होत्या. आधी ओठ झिणझिणले, मग हातपाय बधिर, मग श्वास लागला. सासू आणि लहान मुलगी वाचली. सून गेली. पेटीत दोन जातींचे खेकडे होते. एक खडबडीत, मातकट. दुसरा गुळगुळीत, तांबूस, अंगावर ठिपके, नांग्यांची टोकं काळी. दिसायला इतका देखणा की कुणी आवडीनं शिजवावा. दोन्ही त्या दिवशी एकाच भांड्यात गेले होते. विष कशात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

असलं विष शिजवून मरत नाही. उलट आम्ही ते काढतोच मुळी तसं. मांस वाटायचं, किंचित आंबट पाण्यात उकळायचं, गाळायचं आणि तो रस यंत्रात सोडायचा. विष असलं तर पडद्यावरच्या सरळ रेषेत एक टेकडी उमटते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली होती, मग हे कालवणच की गं, तुम्ही फक्त खात न्हाई.

पेटी पाठवणारे तिथल्या शाळेचे गुरुजी होते. त्यांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. "मॅडम, बाकी काही नको. कुठला खेकडा टाकून द्यायचा, तेवढं सांगा. जाळ्यात उरलेला माल आमच्या बायका रोज घरी नेतात." मी म्हणायची, करतेय गुरुजी, लवकरच सांगते.

आणि मी काहीच करत नव्हते. आल्या दिवशी मांस वाटून ठेवायचं काम माझं होतं. मी प्रबंधाचं प्रकरण लिहीत बसले होते. आज करू, उद्या करू. पेटीतले खेकडे तसेच्या तसे फ्रीजरमध्ये पडून. दोन आठवडे.

मग तो शनिवार. सुट्टी होती, सर पुण्याला गेलेले, मी एकटी. नांदेडचा मे महिना तुम्हाला माहीत असेल तर मी सांगायला नको आणि नसेल तर सांगून उपयोग नाही. दुसऱ्या बोर्डावर कूलर चालेना. मग मी फ्रीजरचा प्लग काढला आणि तिथं कूलरचा घातला. तासाभरासाठी. फ्रीजर काय तासाभरात वितळतोय! दुपारी भावाचा फोन आला. चुलत बहिणीची सुपारी फुटत होती, अहमदपूरपर्यंत ये, पुढं जीप आहे. मी उठले, कूलर बंद केला, लाईट वाया घालवू नये म्हणून पंखाही बंद केला आणि निघाले. फ्रीजरचा प्लग बोर्डाखाली लोंबकळत राहिला.

सोमवारी पहिली मीच पोचले. दार उघडलं आणि वास आला.

इथं मी थांबले असते तर ही नुसती चूक होती. चुका होतात माणसाकडून. म्हणून तर एवढी झटक्यात सांगून टाकली ती. खरं सांगायचंय ते पुढचं आहे.

मी प्लग पुन्हा जागेवर लावला. फरशी पुसली. सर आले, नाकाला रुमाल लावला, फ्रीजर उघडला. आत कोमट पाणी आणि कुजका लगदा. त्यावर केलेली तपासणी कोण मानणार? सरांनी विचारलं, हे कुणी केलं? आणि मी म्हणाले — किती सहज म्हणाले हो — "शनिवारी मामू फ्रीजर पुसणार होते, सर."

मामू सुट्टीच्या शनिवारी झाडलोटीला येत, हे खरं होतं. त्या शनिवारी ते आलेच नव्हते, हेही मला माहीत होतं. सरांनी त्यांना बोलावलं. मामू दारात उभे राहिले. त्यांनी फ्रीजरकडं पाहिलं, मग माझ्या टेबलाकडं तोंड करून ठेवलेल्या कूलरकडं पाहिलं. तो वळवून ठेवायचं मी विसरले होते. मग त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "जी साहेब. गलती हुई."

का म्हणाले? मी आजपर्यंत विचारलेलं नाही. पोरगी गावाकडून आलीय, हिला हाकललं तर परत जाऊन पोळपाट धरेल, असं काही मनात आलं असेल का? हा माझा अंदाज. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

सर मग माझ्याकडं वळले. पेटी येऊन दोन आठवडे झाले, तू अजून मांस वाटलं पण नाहीस? झालं. एक खोटं बोललं होतं, ते अजून गरम होतं. मी म्हणाले, वाटलंय सर, दोन्ही जातींचं, वरच्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवलंय. सरांचा चेहरा असा उजळला! शाबास म्हणाले. नशीब तू तरी सावध होतीस म्हणाले.

वरच्या फ्रीजमध्ये काय होतं? इस्लापूरकडच्या ओढ्यातले खेकडे. तुलनेसाठी बिनविषारी मांस लागतं, ते आम्ही तिकडून आणायचो. मी तेच वाटलं, दोन पिशव्यांत भरलं, दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि लावल्या. वाटलेलं मांस सगळं सारखंच दिसतं. मी ते उकळलं, गाळलं, यंत्रात सोडलं. रेषा सरळ. दोन्हींची सरळ. असणारच ना! आपल्या ओढ्यातला गरीब खेकडा तो, त्यात कुठलं विष? सर म्हणाले, आश्चर्य आहे, म्हणजे ती बाई दुसऱ्या कशानं तरी गेली. उद्या चार वाजता गुरुजींना फोन करतो, दोन्ही खेकडे निर्धोक आहेत म्हणून सांगतो.

त्या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता का? कळला होता. नीट कळला होता. जाळ्यात उरलेला माल बायका रोज घरी नेतात, हे गुरुजींनी मलाच सांगितलं होतं. मी वसतिगृहावर गेले, जेवले आणि झोपले. झोप लागली, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मामू माझ्या टेबलापाशी आले. हातात तेलाचा पत्र्याचा डबा, चिकटपट्टीनं गच्च बांधलेला, त्यावर उर्दूत, मला न वाचता येणारा एक शब्द. खाली लाकडाचा भुसा चिकटलेला आणि पत्र्यावर बर्फाचं दव. त्यांनी तो सरांपुढं नाही ठेवला. माझ्यापुढं ठेवला.

"कल तुमचं भांडं मैंने धोया, बेटा. समिंदरचा खेकडा खारा वास मारता. उसकू ओढ्याच्या चिखलाचा वास था." मग डबा माझ्याकडं सरकवून म्हणाले, "ये करके देखो."

डब्यात दोन पिशव्या होत्या. दोन्ही जातींचा एकेक खेकडा, दगडासारखा गोठलेला. पेटी आली त्याच दिवशी सरांना विचारून त्यांनी ते बाजूला काढले होते. सर ते विसरूनही गेले होते. मामूंच्या साडूचा बर्फाचा कारखाना होता, तिथं लाद्यांच्या मागं, भुशात, त्यांनी तो डबा ठेवला होता. मे महिन्यातल्या लाईटीवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांची आई म्हणे विरजणाची एक वाटी नेहमी शेजारणीकडं ठेवायची. घरचं नासलं तर घर दह्यावाचून राहू नये म्हणून. त्यातून आलेली ही अक्कल. आमच्या सगळ्या डिग्र्या एकीकडं.

मी उठले. वाटलं, उकळलं, गाळलं. मामू शेजारी उभं राहून भांडी पुढं करत होते. मातकट खेकड्याची रेषा सरळ आली. ठिपक्यांच्या खेकड्याची सुरू झाली — सरळ, सरळ, आणि मग टेकडी. केवढी टेकडी! पडद्यात मावेना. मी मामूंकडं पाहिलं. "या अल्ला," एवढंच म्हणाले ते, आणि स्टुलावर बसले.

चार वाजायला वेळ होता. मी सरांकडं पळाले. आता तरी सांगायचं होतं ना? टेकडी हातात होती. डबा टेबलावर होता. तो डबा ज्यानं आणला तो माणूस माझ्या मागं दारात उभा होता. आणि मी म्हणाले, "सर, मला शंका आली म्हणून मामूंकडचा नमुना मागवून पुन्हा करून पाहिलं. आधीच्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या ओढ्यातल्या खेकड्यांच्या पिशव्यांशी बदलल्या गेल्यात."

चिठ्ठ्या कुणी लावल्या होत्या, असं सरांनी विचारलंच नाही. ते स्वतःच म्हणाले, रज्जाकनं घोळ केला असणार, फ्रीजरसारखा. आणि मी नाही म्हटलं नाही. एक शब्द लागला असता. नाही सर, मी. बस. मामू दारात होते, त्यांनी ऐकलं. मी मागं वळून पाहिलं नाही.

ही आहे ती गोष्ट. प्लग नव्हे.

सरांनी गुरुजींना फोन लावला. ठिपक्यांचा, काळ्या टोकांचा टाकून द्या, हात धुवा, कुत्र्यालाही घालू नका. फोनवर गुरुजींचा आवाज मला लांबूनही ऐकू आला, उपकार झाले म्हणत होते. सरांनी माझी पाठ थोपटली. स्वतःच्या निकालावर शंका घेणारी विद्यार्थिनी, असं माझ्याबद्दल त्यांनी पुढं शिफारसपत्रात लिहिलं. त्या पत्रावर मला नोकरी मिळाली.

त्याच महिन्यात रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी गेली. मामूंचं नाव त्यात पहिलं होतं. सरांनी ते काढलं. मला कुणी सांगायला आलं नाही, पण मला कळलं. मामूंनी काचेचं कपाट पुसलं, चिकटपट्टीचं रीळ माझ्या टेबलावर ठेवलं आणि साडूच्या कारखान्यात कामाला गेले. माठ मात्र राहू दिला.

माझ्या प्रबंधात ऋणनिर्देशाचं दीड पान आहे. सर आहेत, आई-वडील आहेत, खोलीतल्या मैत्रिणी आहेत, टंकलेखन करणारा पोरगा आहे. रज्जाकमामू नाहीत. लिहिलं असतं तर कशाबद्दल आभार, तेही लिहावं लागलं असतं. मग ते पान मी नजरेआड केलं. तेव्हापासून किती वर्षं गेली, पण मनातल्या मनात मी ते पान रोज भरते. मामू, विसळणं शिकवलंत. मामू, माठ ठेवलात. मामू, त्या दिवशी तुम्ही आला नसता तर माझ्या भरवशावर त्या गावातल्या चुलींवर विष शिजलं असतं. नमुना आला की मी पहिल्यांदा डबा भरायला सांगते, तेव्हा तुमचंच नाव घेते, आणि त्यानं मला बरं वाटतं — आणि बरं वाटतं याचंही वाईट वाटतं. काय बोलू!

गेल्या महिन्यात नांदेडला सरांचा सत्कार झाला. मंचावर माईक हातात आला की सर तीच गोष्ट सांगतात, मी किती वेळा ऐकलीय. आमच्या एका परिचरानं फ्रीजर बंद पाडला, वर चिठ्ठ्याही बदलल्या, आणि आमच्या या मुलीनं एक अख्खं गाव वाचवलं! लोक हसले, टाळ्या वाजल्या. मला वर बोलावून शाल दिली. मी शाल घेतली. आणि वरून दिसलं, शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी, पांढरी दाढी. सरांनी सगळ्या जुन्या माणसांना बोलावलं होतं. मामूही हसत होते. टाळ्याही वाजवत होते.

चहाच्या टेबलापाशी ते स्वतःच आले. आता वाकलेत थोडे. माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "लई मोठी झाली बेटा." शेजारच्या माणसाला अभिमानानं सांगितलं, ये हमारी मॅडम, ज़हर पकडती. मी काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तर ते कपात बिस्कीट बुडवत, चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाले, "लातूर में अब कूलर कू अलग बोर्ड लिया ना?"

मी म्हणाले, "हाव मामू. घेतला."

"अच्छा किया," म्हणाले, आणि बिस्कीट खाल्लं. उन्हाच्या आत घरी पोचायचं म्हणून रिक्षा बघायला गेले.

हे मी छापायला पाठवतेय. छापून आलं की पहिली प्रत सरांना जाईल. त्यांनी त्यात एवढंच वाचावं. फ्रीजरचा प्लग मी काढला. ओढ्याचं मांस समुद्राचं म्हणून मी दिलं. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात होत्या. रज्जाकमामू त्या शनिवारी प्रयोगशाळेत नव्हतेच, सर. ते साडूच्या कारखान्यात होते, आपल्या डब्यावर बर्फ टाकत.